राखेने तपासलेली न्हाणी

थंडी हा निव्वळ मनाचा आळस आहे, असं उभा जन्म छातीठोकपणे सांगत आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि देवाने तो नेमका माझा थोरला साडू करून पाठवला. राहणार देवरी. सगळी नोकरी वनरक्षकाची, आंघोळी पहाटे नाल्यावर. निवृत्तीनंतर खाकी उतरली, पण अंगातलं जंगल काही उतरलं नाही. डिसेंबरात आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून त्यांच्या दारात उतरावं, तर हे नुसत्या बंडीवर अंगणात उभे. "काऊन गा साडूभाऊ, माणूस होय का गाठोडं?" हे आमचं स्वागत.

अशा माणसाच्या घरची न्हाणी कशी असणार? परसात, उत्तरेला तोंड करून. भिंत आणि टिनाच्या मध्ये वीतभर फट, खाली बर्फासारखी फरशी, दाराच्या जागी एक वाकडा पत्रा. गरम पाण्याचा तांब्या डोक्यापर्यंत नेईतो त्यातली ऊब वाऱ्याने पळवलेली असायची. मी तर तिथे पाहुणा गेलो की "घरूनच आंघोळ करून निघालो" असं बिनदिक्कत खोटं बोलतो. पण त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती बिचारी कुठे जाणार? न्हाणी सुधरवा म्हटलं की साडूंचं उत्तर ठरलेलं. "भिंत पडली का? नाही ना? मंग?"

गेल्या दिवाळीनंतर ताईंचे गुडघे धरले. आंघोळ केली की तासभर उठता येईना. त्यांनी भांडण वगैरे काही केलं नाही. पिशवी भरली, दुर्गच्या बसमध्ये बसल्या आणि लेकीच्या घरून फोन केला, "न्हाणी झाली का सांगजा. तोवर मी येत नाही."

साडू आठवडाभर ऐटीत राहिले. दुसऱ्या आठवड्यात सकाळीच गोंदियाला माझ्या दारात हजर. "चला, टाइली पाहू." दुकानात त्यांनी चपला काढल्या आणि मांडलेल्या एकूण एक टाइलवर अनवाणी उभे राहून पाहिलं. पायांवर भरवसा बसेना तेव्हा खाली वाकून गाल टेकवला. शेटजी बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "काका, टाइल ले रहे हो या उसका बुखार देख रहे हो?" मी तेवढ्यात बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

खरी मजा काम सुरू झाल्यावर आली. जंगलात वारा कुठून येतो हे पाहायला मूठभर माती हवेत सोडतात. साडूंनी तीच विद्या न्हाणीला लावली. रोज सकाळी चुलीतली राख मुठीत घेऊन आत फिरायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यात चिमूट चिमूट सोडायचे. राख सरळ खाली पडली तर ठीक, जरा जरी तिरपी झाली तर तिथे सिमेंट! मिस्त्री कळवळून म्हणाला, "साहेब, थोडी हवा तं येऊ द्या. माणूस गुदमरून जाईन ना!" साडू म्हणाले, "हवा बाहेर लय आहे. ज्याले पाह्यजे त्यानं बाहेर जावं." मिस्त्रीने हट्टाने वर एक झडपेची खिडकी ठेवली म्हणून बरं. असं दीड महिना चाललं. दाराला रबराची पट्टी लागली, गिझर बसला, आणि मगच दुर्गला फोन गेला.

ताई आल्या त्या दिवशी मी आणि माझी बायको मुद्दाम गेलो होतो. ताई आंघोळीला आत गेल्या. साडू दाराबाहेर येरझारा घालू लागले. बराच वेळ झाला. मग आतून आवाज आला, "अवो, पाणी जाऊन नाही राहिलं!"

साडू जागच्या जागी थिजले. मिस्त्री गेल्यावर यांनी शेवटची राख सोडली होती, ती मोरीच्या तोंडाशी उडाली, आणि या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने तिथेही सिमेंट भरून टाकलं होतं. धावत जाऊन छन्नी-हातोडा आणला. "कडी काढ वो! आत्ता फोडतो!"

"राहू द्या," ताई आतून म्हणाल्या. "घोट्याएवढंच आहे. गरम आहे. पाय शेकून राहिले माहे. बसू द्या थोडं."

साडू छन्नी घेऊन पायरीवर बसले. आता फुशारकी ऐकावी लागणार म्हणून मी मनाची तयारी केली. पण त्यांनी मान वर केली नाही. हळूच म्हणाले, "दोन महिने घरात लय थंडी होती गा, साडूभाऊ. झोपच येत नव्हती."

मला त्या माणसाची फार माया आली. मी शेजारी बसलो. आत ताई सावकाश पाण्याचे तांबे घेत होत्या, आणि साडू प्रत्येक तांब्याचा आवाज कान देऊन ऐकत होते.