काकांचा शब्द आणि माझा गाळा

गाळ्याच्या व्यवहारात मला फसवलं ते गोडदेव भागात राहणाऱ्या काकांनी. नात्याने ते माझे कोणी नव्हते. आमच्या रत्नागिरीकडच्या गावचे, एवढंच.

मी तेव्हा केबिन रोडच्या कडेला ताडपत्री टाकून मसाला आणि कोकमं विकायची. पालिकेची गाडी दिसली की माल गुंडाळून पळायचं. काकांचा गाळा रिकामा होतोय असं कळलं, तशी त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. मिरचीच्या व्यापाऱ्याला घाम फोडणारी बाई मी. म्हटलं, लेखी द्या.

काकांना ते झोंबलं. "अगो, पांढऱ्यावर काळं परक्यांत करतात. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! गणपती झाले की गाळा तुझा."

काकूंनी हातावर साखर ठेवली. आमच्याकडे साखर खाल्ली की बोलणं पक्कं. त्यानंतर गाववाल्याकडे कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मी साखर तोंडात टाकली.

गणपतीनंतर मसाल्याचे डबे रिक्षात घालून गेले, तर गाळ्यात मोबाईल रिचार्जचं दुकान! काकांचा मुलगा उद्घाटनाचे पेढे वाटत होता. मलाही एक पुढे केला. "मावशी, टेन्शन कायको लेती? पप्पा सबको ऐसेच बोलते. डायलॉग आहे तो त्यांचा."

पुढे आमच्या गाववाल्यांच्या मंडळाने मराठी भाषेवर काकांचंच भाषण ठेवलं. शाल, नारळ, सगळा थाट. काका गळा काढून सांगत होते, "आजच्या पोरांना म्हणी कळत नाहीत हो! आपले वाक्प्रचार मेले!" पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मला किळस आली. पोरांना म्हणी येत नाहीत, खरं आहे. माझ्याही पोराला येत नाहीत. तो सरळ "पक्का ना?" विचारतो आणि सही घेतो. वाक्प्रचार पोरांनी नाही मारले. साखर खायला घालून शब्द फिरवणाऱ्या या शालवाल्यांनी मारले, आणि वर सुतकही हेच पाळतायत.

मी मागून उठले. "काका, काळ्या दगडावरची रेघ म्हणजे काय, ते पोरांना समजावा की."

लोक कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"पाणी मागाहून प्या. आधी अर्थ सांगा, आणि माझा गाळा मुलाला का दिलात तेही याच माईकवर सांगा. उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसायची नाही."