तांबं, जस्त, कथील आणि आमचे साडू

जगातल्या प्रत्येक वस्तूवर एक पातळ थर असतो, आणि तो खरवडून पाहता यावा एवढ्यासाठीच देवाने माणसाला नखं दिली आहेत, असं मनापासून मानणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. ते आमचे साडू. खुटबावला मी मुलगी बघायला गेलो तेव्हा घरातले झाडून सगळे मला निरखत होते. घरचे थोरले जावई मात्र, ज्यातून पोहे वाढले जात होते त्या पितळी पातेल्याकडे टक लावून बसले होते. पोहे संपताच त्यांनी पातेलं उचललं, आतून बोट फिरवलं आणि आमच्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "आप्पा, ही कल्हई कुणी केली? काय एकसारखी बसलीय!" माझ्याविषयी त्यांचं मत काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या कल्हईचं कौतुक मात्र माझ्या लग्नाच्या पंगतीतही चालू होतं.

साडू दौंडला कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी मांडवगण फराट्याच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळे त्यांचं संशोधन मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो. उन्हातून वीज काढणारी पॅनल आता गावोगाव छपरांवर दिसतात. साडूंना तसलं जाडजूड काही नको होतं. काचेवर केसाहून कितीतरी पातळ असा एक थर चढवायचा आणि त्यानेच ऊन पिऊन वीज द्यायची, असा त्यांचा बेत. असे थर जगात होतात, पण त्यांना लागणारे काही धातू दुर्मिळ, तर काही विषारी. इथे साडूंचा हट्ट आडवा यायचा. "पाव्हणं, तांबं, जस्त, कथील आन् गंधक. चारच जिन्नस! तीन आपल्या भांड्यांत हायेत, चवथं फटाक्यात हाय. जे कुणालाबी मिळंल त्यातनंच करायचं. न्हाईतर त्या विजेचा गरिबाला काय उपेग?" एरवी वर्गात शुद्ध बोलणारा हा माणूस थराचा विषय निघाला की थेट खुटबावात उतरायचा.

थर चढवायची रीत मी स्वतः पाहिली आहे. चार काचपात्रं ओळीने मांडलेली. काचेच्या पट्टीची एक बाजू चिकटपट्टीने झाकून ती पहिल्यातल्या धातूंच्या द्रावणात बुडवायची, मग पाण्यात, मग तिसऱ्यातल्या गंधकाच्या द्रावणात, मग परत पाण्यात. हा एक फेरा. असे फेरे शेकड्यांनी घालायचे आणि मोजायचे. या मोजण्याने त्यांच्या बोलण्याची पार वाट लावली होती. एकदा आप्पा दवाखान्याच्या कामाला दौंडला आले, ते जावयाला भेटायला प्रयोगशाळेत गेले. आप्पा सोसायटीचे माजी चेअरमन, मान घ्यायची सवय. "काय जावईबापू, बरं हाय ना?" "एकशे सदतीस," जावईबापू म्हणाले. आप्पा तास‍भर स्टुलावर बसले आणि तीनशेपर्यंत ऐकून घरी आले. "पोरगं गुणी हाय, पर आकड्यात अडाकलंय," एवढंच ते सासूबाईंना म्हणाले. घरी चहात बिस्किट बुडवतानाही साडूंची तीच शिस्त. बुडवायचं, थांबायचं, उचलायचं, निथळू द्यायचं. त्यांचं बिस्किट चहात पडलेलं कुणी पाहिलेलं नाही.

गंधकाच्या त्या द्रावणांना सडक्या अंड्यांचा वास येतो. तो साडूंच्या शर्टात, रुमालात आणि चष्म्याच्या घरातसुद्धा मुरला होता. दौंडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत कितीही गर्दी असो, दोन स्टेशनांत त्यांच्या आजूबाजूची माणसं उठून जात आणि साडू ऐसपैस बसून पेपर तपासत. "लोकं अजून जागा देत्यात हो मास्तरांना," असं ते मला खरोखरच्या कृतज्ञतेने सांगत. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, ही हकीकत ऐकताना दर वेळी पदर तोंडाला लावी. हसू दाबायला की वासामुळे, हे मी कधी विचारलं नाही.

पण या सगळ्या गमतीच्या मागे एक दुखणं होतं. थर टिकत नव्हता. सात वर्षं हा माणूस काच बुडवत होता. थर चढायचा, छान तपकिरी दिसायचा, आणि भट्टीत तापवून बाहेर काढला की काही पट्ट्या सोडून बाकीच्यांवरून सालपटासारखा सुटायचा. त्या तेवढ्याच का टिकतात, हे काही केल्या उमगत नव्हतं. एका रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं इनामगावला गेलो होतो. घोड नदीच्या काठी जुन्या वस्तीची जागा आहे, तिथे साडूंना मातीत एक रंगवलेली खापरी दिसली. त्यांनी सवयीने नख लावलं. रंग हलला नाही. खापरी होती तिथे ठेवून ते काठावर बसले. "हजारो वर्षं झाली, पाव्हणं. त्या बाबाकडं भट्टी बी धड नसंल. त्याचा थर अजून धरून हाय, आन् माझा शुक्रवारपत्तुर टिकत न्हाई."

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याहून त्यांच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. मुदत आधीच दोनदा वाढवून दिली होती. दिवाळीपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. चारच दिवसांनी मेहुणीचा मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही या जरा. ह्यांनी मोजायचं सोडलंय."

मी मोटारसायकल काढली. साडू खुर्चीत बसले होते, समोर चहा निवत होता आणि त्यावर चांगली जाड साय आली होती. त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरलो. म्हटलं, "चला, काच तरी आणू." काचेचं नाव काढल्यावर ते निदान उठले.

काच ते स्टेशनजवळच्या एका फ्रेमवाल्या चाचांकडून कापून घेत. चाचांच्या चार पिढ्या दौंडातच गेलेल्या. तरुणपणी ते आरसे बनवत, आता फोटोंना फ्रेमा करत. सात वर्षं ते साडूंना पट्ट्या कापून देत होते आणि या काचांचं पुढे काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी साडूंचा चेहरा बघून त्यांनी विचारलं. साडूंनी खिशातून दोन पट्ट्या काढल्या, एक टिकलेली आणि एक सोललेली. चाचांनी दोन्ही उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या.

"सर, थर कंच्या बाजूला लावता?"

"कुठल्याही. दोन्ही सारख्याच की."

चाचांनी काच खाली ठेवली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "सारख्या? काचंला दोन बाजू असत्यात, सर. आरशाची चांदी म्या कवाच कुठल्याबी बाजूला न्हाई चढवली. चुकीच्या बाजूला चढवली की फुगे येत्यात." त्यांनी एका कोऱ्या काचेच्या दोन्ही बाजूंवर एकेक थेंब पाणी टाकून दाखवलं. एका बाजूचा थेंब पसरला, दुसरीकडचा गोळा होऊन बसला.

साडू त्या थेंबाकडे बघत राहिले. मग एकदम कपाळावर हात मारून माझ्याकडे वळले. "कथील!" ते ओरडले. "अहो, कारखान्यात काच वितळलेल्या कथलावर तरंगवत्यात! एका अंगाला कथलाचा अंश ऱ्हातो, त्या अंगावरनंच थर सुटत हुता. मी हे पोरांना शिकवतो, पाव्हणं! दर वर्षी शिकवतो!" आणि मग भर दुकानात ते इतके हसले की चाचांनी काळजीने त्यांना पाणी दिलं.

पुढच्या पट्ट्या चाचांनी कापल्या, आणि प्रत्येकीच्या कडेला बाजूची खूण स्वतःच्या हाताने केली. साडूंनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. मेहुणीने मला फोन करून नुसतं "दोनशे अकरा" म्हटलं आणि ठेवून दिला. भट्टीतून काढलेल्या दहापैकी नऊ पट्ट्यांवर थर धरून होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्रबंध गेला. पहिल्याच पानावर आभार होते, आणि त्यात मार्गदर्शकांच्याही आधी चाचांचं नाव. तोंडी परीक्षेत एका बाहेरच्या प्राध्यापकांनी विचारलं, हे गृहस्थ कोणत्या संस्थेत असतात? साडू म्हणाले, "दौंड स्टेशनजवळ."

पदवी मिळाल्यावर आम्ही दोघं पेढे घेऊन चाचांकडे गेलो. साडूंनी एक पट्टी, एक लहान बॅटरी आणि मीटर बरोबर घेतलं होतं. दुकानाच्या पायरीवर तारा जोडून त्यांनी पट्टी उन्हात धरली. ऊन पडताच थरातून बॅटरीची वीज जास्त वाहू लागली आणि काटा हलला. हाताने सावली केली, काटा मागे आला. सावली काढली, पुन्हा पुढे. चाचा गुडघे धरून खाली बसले आणि स्वतःच्या तळव्याने पाच-सहा वेळा सावली करून बघितली.

"मंग ह्याच्यावर दिवा लागंल?"

"न्हाई चाचा. ह्यो नुसता आतला थर झाला. अख्खा सेल व्हायला अजून लई काम हाय. तवा कुठं दिवा."

"तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत?"

साडूंनी त्यांना खोटं सांगितलं नाही. "तुमचं-माझं सांगता न्हाई यायचं. पर व्हनार, चाचा. कुणीतरी करनार."

चाचांनी मान हलवली. पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि आत जाऊन काच कापायचा हिरा घेऊन आले. "मंग किती पट्ट्या लागतील, ते सांगा."

 साडू चष्मा काढून रुमालाने पुसत राहिले. चांगला स्वच्छ झाला तरी पुसतच होते. मग मीच म्हणालो, "पन्नास कापा, चाचा." आणि आयुष्यात पहिल्यांदा, विज्ञानाला माझाही थोडा हातभार लागला असं मला वाटलं.