पट्टी पांढरी होती म्हणून

दवाखान्यातल्या कात्र्या-चिमट्यांचे डबे वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायचे, हे पट्टीताईंचं एकोणीस वर्षांचं काम. प्रत्येक डब्यावर एक पांढरी पट्टी असते. वाफ नीट पोचली की ती काळी होते. काळी झाली तरच ताईंची सही, नाहीतर साक्षात देव आला तरी नाही! नाव पडलं ते त्यावरूनच.

तीन आठवड्यांपूर्वी मशीन बिघडलं. पट्टी कधी काळी व्हायची, तर कधी नुसती मळकट. ताईंनी तक्रार केली, आणि तीही लेखी. झालं! विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरच्या डोळ्यांत ताई खुपायला लागल्या. दहा मिनिटांच्या उशिराचा एक मेमो आला, मग 'उद्धट वागणूक' म्हणून दुसरा. तिसऱ्या मेमोनंतर माणूस घरी जातो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरात पगार एकच, तो ताईंचा.

गावातच दिलेली त्यांची नणंद कामगारांच्या वकिलाकडे टायपिस्ट होती. तिने बजावलं, "वहिनी, ते तुला भडकवणार. भडकलीस की मेलीस. तोंड उघडू नकोस, काय ते कागदावर. तारीख, वेळ घाल आणि पोच घे."

तेव्हापासून ताई मूग गिळून. सिस्टरने टोमणा मारला की वही काढायच्या आणि लिहायच्या. कारकून तर कावलाच. "ताई, शिंकलात तरी पोच मागाल तुम्ही!" लोक हसायचे. ताईंना मात्र घास गोड लागेना. ऑफिसातून कुणी नुसती हाक मारली तरी आधी वही शोधायच्या.

गुरुवारी त्या दुसऱ्या मेमोचा खुलासा देऊन परतल्या, तर त्यांच्या खोलीतला एक डबा ट्रॉलीवर. पट्टी पांढरीफटक.

"सिस्टर, हा डबा कच्चा आहे."

"डॉक्टर खोळंबलेत. सही मागाहून कर," म्हणत सिस्टरने ट्रॉली ढकलली.

ताईंनी वही काढली. तारीख घातली. वेळ घातली. तोवर ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचलीसुद्धा. कागद घेऊन कुणाकडे जाणार? आत माणूस टेबलावर झोपलेला!

"थांबा! त्या डब्याला हात लावाल तर खबरदार!"

ताई अशा कडाडल्या की डॉक्टर मास्कसकट बाहेर आले. त्यांनी पट्टी पाहिली आणि डबा परत पाठवला. सिस्टरचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती म्हणाली. "ही हिची भाषा!"

संध्याकाळी तिसरा मेमो आला. 'रुग्णालयात आरडाओरडा केल्याबद्दल.' कशासाठी, त्याबद्दल अवाक्षर नाही.

"सही करा," कारकून खाली मान घालून म्हणाला.

ताईंनी पेन घेतलं. आरोपाच्या ओळीपुढेच, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं, 'पट्टी पांढरी होती म्हणून.' खाली ठसठशीत सही केली.

"हं," त्या म्हणाल्या, "आता लावा फायलीला."