टोपी अडकवलेला आकडा

आमच्या इस्लामपुरात आकाराम नळवाल्यानं जोडलेला पाइप गळतोय, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हटलंच तर तो सुरू व्हायचा, "कोयनेच्या वसाहतीत बारा वर्षं पाइप जोडल्यात. भूकंपात भिंती फाटल्या, माजा सांधा न्हाई!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो 'कोयने' म्हणाला की पुढचं मीच म्हणून टाकायचो.

शहात्तर सालची गोष्ट. शेजारचे नाथाजी सुभेदार पेन्शनीत आले ते कपडे धुण्याचं यंत्र घेऊनच. पुण्याच्या छावणीतल्या साहेबानं बदली होताना दिलेलं. बुडाशी लांब रबरी नळी, वरच्या अंगाला एक लोखंडी आकडा. आकड्यावर सुभेदारांनी लगेच आपली टोपी अडकवली. सांडपाण्याच्या नळीचं काम आकारामकडं. त्यानं ती मोरीच्या भोकात खोल घातली आणि भोवती सिमेंट थापलं.

"उंदीर न्हाई, वास न्हाई. ह्यात माजी चूक निगाली, तर ह्यो पान्हा हितंच ठिवीन. परत हातात धरणार न्हाई!"

रविवारी गल्ली जमली. सुभेदारांच्या शालूवहिनींनी साबणाची पूड टाकून सात कळश्या ओतल्या. सुभेदार बटण दाबायला गेले, सहज आत डोकावले, तर तळ उघडा!

"आवं, पानी कुटं गेलं?" वहिनींचा आवाज चिरकला.

"आगं बया, पेलं की गं समदं!" समोरच्या घरातल्या भामाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

आकाराम पालथा झोपला. फरशी चाचपली. थेंब नाही. आणखी सात कळश्या ओतल्या. पुन्हा तळ! लढाईत तोफा ऐकलेले सुभेदार दोन पावलं मागं सरले.

माझी जीभ गप्प बसेल तर ना! "आकारामदादा, काम मातूर पक्कं. गळत न्हाई, नुसतं नाहीसं हुतंय."

कुणी हसलं नाही. पान थुंकायच्या निमित्तानं मी परसात सटकलो आणि तिथंच थिजलो. गटारात गुडघाभर पांढरा फेस, आणि तो मागच्या घरातल्या कृष्णातच्या दाराकडं निघालेला!

"आकारामदादा, हिकडं या!"

त्यानं फेस पाहिला आणि त्याचं तोंड सिमेंटासारखं झालं. पाणी सांध्यातून गळलंच नव्हतं. त्यानंच करून दिलेल्या वाटेनं थेट गेलं होतं. नळाला चावी असते. या नळीला चावीच नव्हती.

तो मटकन बसला. "डब्यातनं रॉकेल काडताना नळी वर उचलली की धार थांबती. मग ही वर कुटं..." बोलता बोलता तो उठला, घरात गेला. नजर टोपीवर गेली.

"सुभेदार, टोपी काडा."

छिन्नी घेऊन त्यानं आपलंच सिमेंट सगळ्यांदेखत फोडलं. नळीचं तोंड आकड्याला अडकवलं, पाणी ओतलं. राहिलं! धोतरं गरगरली. धुऊन झाल्यावर नळी खाली मोरीत सोडली, तेव्हाच पाणी गेलं.

मग त्यानं पान्हा उंबऱ्यावर ठेवला. "चूक माजी."

आठ वर्षांच्या ओळखीत हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

वहिनींनीच पान्हा उचलून त्याच्या पिशवीत टाकला. "भावजी, मोरी फोडून चाललासा कुटं? आदी ती नीट करा."

आकाराम निमूट सिमेंट कालवायला बसला. सुभेदार मात्र टोपी हातात धरून तसेच उभे. त्यांना एक खिळा ठोकून द्यायचं कुणाच्या ध्यानात येईना.