इंदूताई लोहकरे, सनदी लेखापाल

फोन सुनंदाचा होता. सकाळचे साडेदहा वाजले होते, ऑफिस नुकतंच उघडलं होतं. सुनंदा म्हणजे घोडेगावला इंदूताईंच्या हाताखाली सीएची उमेदवारी करणारी मुलगी, आमच्या भाषेत आर्टिकल. ती म्हणाली, "मॅडम, ताई गेल्या. अंगण झाडता झाडता खाली बसल्या, त्या उठल्याच न्हाईत." मी त्यावर काय विचारलं ते मला आठवत नाही. टेबलावरचा चहा तसाच ठेवून मी गाडी काढली एवढं आठवतं. डिंभ्याला पोचले तेव्हा त्यांच्या दारात चपलांचा ढीग होता, आणि ओट्यावर त्यांचे यजमान दत्ताभाऊ कुणाशीही न बोलता बसले होते. त्याला आता सहा आठवडे झालेत. इतके दिवस लिहायला घ्यायचं ठरवत होते आणि टाळत होते, कारण इंदूताईंबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही काही गोष्टी लिहाव्या लागणार होत्या...

आमची ओळख एसटीत झाली. त्याला अठरा-एकोणीस वर्षं होतील. मी आणे गावची. आमच्या पठारावर बाजरी आणि मटकी एवढंच काय ते भरवशाचं पीक, आणि घरात माझ्या आधी बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी नारायणगावला मावशीकडे राहून रोज मंचरला गुगळे सरांच्या ऑफिसात आर्टिकल म्हणून जात असे. त्या गाडीवर इंदूताई कंडक्टर होत्या. एकदा माझं जाडजूड इंग्रजी पुस्तक सीटवरच राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि सोबत वहीचा एक कागद. कागदावर सात शंका लिहिलेल्या होत्या.

"डेपोत जमा करायला पाहिजे व्हतं," त्या म्हणाल्या. "पर आत तुझं नाव दिसलं, म्हणून घरी नेलं. पहिला धडा वाचला. नफा हातात येईस्तवर धरायचा न्हाई, पण नुकसान व्हईल असं दिसलं की लगेच धरायचं. असंच लिहिलंय ना?"

मी हो म्हणाले.

"मग हे मला कळतंय की," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सीटचं तिकीट काढायला गेल्या.

पुढे महिनाभर रोज नारायणगाव ते मंचर हीच आमची शिकवणी. बढतीला पदवी लागते म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन बी.कॉम. केलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. एक दिवस त्यांनी विचारलं, "सीए व्हायला वयाची अट असती का?" मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या तेहतीस वर्षांच्या होत्या, मी एकवीस.

आर्टिकलशिप करायची तर दुसरी नोकरी करता येत नाही. म्हणजे कायमची नोकरी सोडायची, पगाराच्या पाव हिश्शाइतक्या विद्यावेतनावर यायचं, आणि शेवटी पास होऊच याची काही खात्री नाही. घरात दोन मुलं शाळेत, सासूबाई थकलेल्या, दत्ताभाऊंची धरणाखाली थोडी शेती आणि धरणात मासेमारी. गावात त्यांना वेड्यात काढलं. डेपोतल्या बायकांनी समजावून पाहिलं. दत्ताभाऊ तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच मोटरसायकल बाहेर काढली आणि म्हणाले, "चल बस, मंचरला सोडतो. पहिल्याच भेटीला उशीर नको." हे इंदूताईंनी मला किती वेळा सांगितलं असेल.

गुगळे सर मारवाडी जैन. घरचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान सोडून ते या पेशात आले होते. त्या दिवशी त्यांनी इंदूताईंना विचारलं, "इंग्रजी कसं आहे?" ताई म्हणाल्या, "वाचता येतं. बोलायची लाज वाटती." सर म्हणाले, "मी दुकान सोडलं तेव्हा वडिलांनी मला वर्षभर जेवायला बरोबर बसवलं नाही. तुमच्या घरी काय परिस्थिती आहे?" ताईंनी मोटरसायकलचं सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, "मग माझ्यापेक्षा तुमचं बरं आहे. बसा त्या टेबलावर."

ऑफिसातली आम्ही मुलं-मुली सुरुवातीला त्यांना जरा हसत होतो, खोटं कशाला बोलू. त्या दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यात उभ्या राहून इंग्रजी उतारे मोठ्यानं वाचायच्या. हसणं थांबलं ते एका शीतगृहाच्या तपासणीनंतर. बटाट्याच्या पोत्यांचा साठा प्रत्यक्ष पाहून यायचा होता. मी आणि ताई गेलो. आत कडाक्याची थंडी, पोत्यांच्या छतापर्यंत गेलेल्या थप्प्या. मॅनेजर म्हणाला, "पुढून ओळी मोजा मॅडम आणि गुणाकार करा, मागंपण तेवढंच आहे." मी मोजायला सुरुवातही केली. ताई म्हणाल्या, "न्हाई पावणं, मागच्या सीटवर गेल्याशिवाय तिकीट कसं काढायचं?" आणि साडीचा पदर खोचून त्या पोत्यांवर चढल्या. वरून त्यांचा आवाज आला, "सविता, वर ये गं जरा." मी चढले. चौथ्या ओळीमागे काहीच नव्हतं. मागची सगळी जागा मोकळी होती. खाली मॅनेजर घाम पुसत होता, त्या थंडीत. परत येताना मी विचारलं, तुम्हाला संशय कशावरनं आला? त्या म्हणाल्या, "संशय कसला? त्यानं जायची गरज न्हाई म्हणलं, म्हणून गेले. एवढंच."

आम्ही दोघी शेवटच्या परीक्षेला पुण्यात एकाच केंद्रावर बसलो. पहिल्या खेपेला दोघीही नापास. दुसऱ्या खेपेला मी पास झाले आणि ताई बारा गुणांनी राहिल्या. निकालानंतर पंधरा दिवस मी त्यांना भेटायला गेले नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. शेवटी ताईच माझ्या मावशीच्या घरी आल्या, पेढ्यांचा पुडा घेऊन. "पास तू झालीस आन पेढं मी आणायचं व्हय?" असं म्हणून त्यांनी एक पेढा माझ्या तोंडात घातला. मी रडले. रडता रडता म्हणाले, "ताई, मी नारायणगावला ऑफिस काढते. तुमच्यासाठी जागा ठेवते. तुम्ही पास झालात की दोघींच्या नावाची पाटी." त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर त्या पाच वर्षं परीक्षा देत राहिल्या. गुगळे सरांकडे पगारी सहायक म्हणून काम, पहाटे उठून अभ्यास, वर्षातून दोनदा पुणे. मधल्या काळात माझं ऑफिस उभं राहिलं, काम वाढलं, आणि मी पुण्याहून आलेल्या एका सीएंना भागीदार करून घेतलं. ताई पास झाल्या तेव्हा चाळिशी ओलांडून गेल्या होत्या. निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्या ऑफिसात आल्या. नवी साडी नेसलेल्या होत्या. त्यांनी माझ्या जुन्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. फक्त म्हणाल्या, "आता काय करायचं ते तुला विचारायला आले."

माझे भागीदार अतिशय सभ्यपणे बोलले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तुमची सुरुवात वेगळ्या क्षेत्रातली. इथले मोठे बागायतदार, व्यापारी... लोक विचारतील."

"इचारू द्या की," ताई म्हणाल्या. "मी सांगीन."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरचे कागद सारखे करत होते. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडून आलं नाही. ताईंनी चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली आणि "येते" म्हणून निघाल्या. जिन्यावर मी त्यांच्यामागे जाऊ शकले असते. गेले नाही.

त्यांनी घोडेगावला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ऑफिस थाटलं. कागदांवर सदैव पिठाचा हलका थर असायचा म्हणे. पहिल्या वर्षी काम फार नव्हतं. पण हळूहळू आसपासच्या गावांतले लोक येऊ लागले. ज्यांना बाकीच्या ऑफिसांत खुर्चीवर बसायला संकोच वाटायचा ते यायचे, आणि मग त्यांच्या ओळखीनं बाकीचेही. आर्टिकल म्हणून त्यांनी जी मुलं घेतली ती बहुतेक अशी, की जी दुसऱ्या कुणी घेतली नसती. एक लष्करातून परतलेला जवान होता. एक जण सात वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होता. ताई मुलाखतीत गुण विचारायच्या नाहीत, "ह्याच्या आधी काय करत व्हतास?" एवढंच विचारायच्या आणि मग अर्धा तास ऐकायच्या. सुनंदा सांगते, ती म्हणाली होती, "काही नाही, आईबरोबर मासे विकायचे." ताई म्हणाल्या, "म्हंजी काही नाही कसं? शिळा मासा ताजा म्हणून कोण इकत असंल तर तुला कशावरनं कळतं, ते सांग मला." सुनंदा डोळे, कल्ले, वास असं सगळं सांगत गेली आणि सांगता सांगता तिची भीती मोडली.

हे सगळं मला इतरांकडून कळायचं. आम्ही दोघी कधी ओझरला देवळाच्या रांगेत, कधी एखाद्या लग्नात भेटायचो आणि मुलांची चौकशी करून बाजूला व्हायचो. अशी सहा वर्षं गेली. मग माझे भागीदार पुण्याला परत गेले, त्यांना तिथे मोठी संधी मिळाली होती. त्याच वर्षी, नेमकं विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या पंधरवड्यात, माझं पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. ऑफिसात दोन नवखी मुलं, कपाटं भरून फायली. मी दवाखान्यात पडून फोनवर सूचना देत होते. तिसऱ्या दिवशी फोन केला तर पलीकडून ताईंचा आवाज. "तू पड निवांत. मी आन माझ्याकडली दोन आर्टिकल पोरं, आमी तिघं आलोय." त्यांनी आपलं काम सांभाळून अकरा दिवस नारायणगावला ये-जा केली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

बरी झाल्यावर मी घोडेगावला गेले. गिरणीवरच्या त्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. मी माझ्या ऑफिसातल्या त्या दिवसाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि अडखळले. ताईंनी मला बोलू दिलं, अर्ध्यात थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं व्हतं, सविता. लई वाईट वाटलं व्हतं. न्हाई वाटलं असं मी म्हणणार न्हाई." त्यांनी टेबलावरचं पीठ पदरानं पुसलं. "पर तू बोलली असतीस तर मी तुझ्या ऑफिसात बसले असते. मग ही पोरं कुठं गेली असती?" मला त्यांचं पहिलं वाक्य दुसऱ्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. दुसरं त्या माझ्यासाठी बोलल्या असाव्यात. पहिलं खरं होतं, आणि ते बोलल्यामुळेच नंतरची चार वर्षं आम्ही पुन्हा मोकळेपणानं भेटू शकलो. महिन्यातून एकदा तरी त्या यायच्या किंवा मी जायचे. अवघड प्रकरण असलं की मी त्यांना विचारत असे. आता कुणाला विचारायचं, हा प्रश्न या सहा आठवड्यांत तीनदा पडला.

सीएचं निधन झालं, की त्याच्या हाताखालच्या आर्टिकलना दुसऱ्या सीएकडे वर्ग व्हावं लागतं. सुनंदा धरून ताईंकडे तेव्हा तिघं होते, त्यांनी माझ्याकडे येतो म्हटलं. दिवसकार्य उरकल्यावर मी फॉर्मवर सह्या केल्या. दत्ताभाऊ म्हणाले, "खोलीचं भाडं वर्षाचं भरल्यालं हाये तिनं. बंद नका करू." म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी घोडेगावला जाते.

गेल्या आठवड्यात परीक्षेचा निकाल लागला. सुनंदा विषयांच्या एका ग्रुपमध्ये नापास झाली. मी तिला धीर द्यायला काही बोलणार, तेवढ्यात ती उठली, ताईंच्या टेबलाचा डावीकडचा कप्पा उघडला आणि एक निळी फाईल काढून वाचत बसली. मी विचारलं तर म्हणाली, "ताईंनी सांगून ठेवलंय. नापास झालं की कुणाशी बोलायच्या आधी ही वाचायची." मी मागून घेतली. आत ताईंच्या सगळ्या नापासाच्या गुणपत्रिका होत्या, ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीच्या मागे त्यांच्या उभट अक्षरात दोन-तीन ओळी. 'माहीत होतं ते लिहिलं, विचारलं होतं ते लिहिलं नाही.' दुसरीवर, 'घरी पाहुणे होते, चार दिवस अभ्यास बुडाला. दोष त्यांचा नाही, मी उठून आत जायला पाहिजे होतं.' अशा एकेक. शेवटच्या गुणपत्रिकेमागे एवढंच होतं, 'या वेळी काही चुकलं नाही. तरी नापास. परत बसायचं.' त्याखाली त्या जवानाची एक गुणपत्रिका होती, कंपाउंडरच्या दोन होत्या, आणि त्यांच्याही मागे त्यांच्या त्यांच्या हाताचं लिहिलेलं होतं.

मी फाईल परत दिली. सुनंदानं स्वतःच्या निकालाची प्रत छापून काढली, ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ पेन हातात धरून बसली. मग लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. कागद तिनं सगळ्यांच्या खाली लावला, फाईल कप्प्यात ठेवली, कप्पा ढकलून बंद केला आणि मला विचारलं, "मॅडम, पुढच्या परीक्षेचे फॉर्म कधीपासून निघतात?"