प्रज्ञाची सायकल आणि माझी लोड टेस्ट

मी तीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्रेनच्या मोटरी दुरुस्त करतोय, आणि आमच्या घरात मला मिक्सरलाही हात लावू देत नाहीत.

याचं कारण आज लिहून टाकतो. माझ्या बाजूने बोलण्यासारखं थोडं आहे, माझ्याविरुद्ध बरंच आहे. दोन्ही लिहितो.

आमची मुलगी प्रज्ञा. वय चोवीस, नोकरी दुर्गच्या बँकेत, हौस सायकलची. तिच्या मामाचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याचं, गाव राजहरा. खाणींचं गाव, त्यामुळे भिलाईत सात जन्मांत दिसणार नाहीत असे चढ तिथे घराच्या दारात असतात. तिथल्या एका टेकडीवर छोटंसं विहार आहे. बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे तिथे जमतो, वंदना होते, खीर वाटतात. टेकडीला तीन वळणं. तिसरं वळण असं उभं, की जीपचा ड्रायव्हरसुद्धा आधी तथागतांचं नाव घेतो आणि मग पहिला गिअर टाकतो.

तीन वर्षांपूर्वी प्रज्ञा साध्या सायकलवर हा चढ चढत होती. पाय न टेकता, खालपासून विहाराच्या दारापर्यंत. तिसऱ्या वळणावर तिची सायकल जराशी डुलली. मी धावलो आणि मागून सीट पकडली! ती थांबली. पाय टेकला. नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या, "बापानं वाचवलं, बापानं वाचवलं!" प्रज्ञा भिलाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि मला माहीत होतं (त्याच क्षणी माहीत होतं) की ती पडणार नव्हती. ती चढली असती. पडायला भीत होतो तो मी.

हे ओझं मी तीन वर्षं वागवत होतो. म्हणून यंदा तिने पगारातून मोटरवाली डोंगरी सायकल घेतली आणि "या पौर्णिमेला चढते म्हणजे चढते" असं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला.

मेव्हण्याला झाला नाही. फोनवरच म्हणाला, "भाऊजी, मोटर लावून चढनं म्हनजे काही चढनं झालं का? उद्या लिफ्टनं जाईन आन म्हनन, मी माळा चढलो!"

प्रज्ञाने फोन माझ्या हातातून ओढला. "मामा, मोटर मले चढवत नाही. मी जोर लावीन तवाच थे जोर लावते. पाय थांबले की थेही थांबते. एक बार बैठ के तो देखो!"

"मी कायले बसू? माही जीप हाये ना!"

मग तिने मला नीट समजावलं. मोटर चाकात नाही, पायडलपाशी आहे. तिचा जोर साखळीतून, गिअरमधून मागच्या चाकाला जातो. त्यामुळे उभ्या चढावर मागचं सगळ्यात मोठं चक्र लावायचं, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, आणि पाय भरभर फिरवायचे. जड गिअरमध्ये दामटलं तर मोटर हळू फिरते, तापते, आणि तापली की मदत कमी करून टाकते.

"आणि बाबा, गिअर चढाच्या आधी बदलायचा. जोर लावता लावता नाही."

"मले शिकवतं का तू?" मी म्हणालो. "मोटर अडली की करंट खाते आन तापते, हे मी पोट्ट्यांले तीस वर्षांपासून शिकवून राहिलो."

खरंच शिकवतोय. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, म्हणजे मला किती लाज वाटते ते कळेल.

आता आमच्या खात्याची एक पद्धत आहे. दुरुस्त केलेली किंवा नवी क्रेन लोड टेस्ट केल्याशिवाय कोणाच्या ताब्यात द्यायची नाही. क्रेनवर जेवढं वजन लिहिलेलं असतं त्याच्या सव्वापट उचलून दाखवायचं. ते उचललं तरच सही. मी आयुष्यात लोड टेस्टशिवाय सही केलेली नाही. आणि माझी पोरगी रविवारच्या पौर्णिमेला एका मोटरवर बसून तो चढ चढणार, ती मोटर कोणी तपासली होती? दुकानदाराने! त्याने ती कशी तपासली होती? पुसून!

शुक्रवारी प्रज्ञा बँकेत गेली. मला साप्ताहिक सुट्टी होती. सायकल व्हरांड्यात उभी होती. मी दांडीवरचं स्टिकर वाचलं: कमाल वजन एकशेवीस किलो. सव्वापट म्हणजे दीडशे. मी स्वतः शहाऐंशी. चौसष्ट कमी पडत होते.

आई खाटेवर बसून गहू निवडत होती.

"आई, तुह्यं वजन किती?"

"कावून? विकतं का मले?"

दवाखान्याच्या कागदावर शेहेचाळीस निघालं. उरले अठरा. तिच्या पुढ्यातलं दळण मी काट्यावर ठेवलं: बरोबर अठरा किलो! असा हिशेब जुळला की माझ्यासारख्या माणसाला तो पुण्याचा वाटतो. मी जुन्या सायकलचं कॅरिअर काढून प्रज्ञाच्या सायकलला चार बोल्टांनी पक्कं बसवलं आणि आईला म्हणालो, "चाल, पुलापलीकडच्या चक्कीवर जाऊ."

"इथली चक्की का मेली?"

"तिथलं पीठ बारीक असते."

(हे मी खोटं बोललो. आईशी. कबूल करतो.)

रेल्वेचा उड्डाणपूल हा आमच्याकडचा एकमेव डोंगर. आई मागे एका अंगाने बसली, दळणाची गोणी मांडीवर. मी मोटर सगळ्यात वरच्या शक्तीवर टाकली आणि गिअर ठेवला सगळ्यात जड. मुद्दाम! टेस्ट म्हणजे टेस्ट, हलक्या गिअरमध्ये तर कोणीही चढेल!

पहिले पन्नास मीटर सायकल अशी निघाली, की आईने मागून विचारलं, "अशोक, पेट्रोल टाकलं का यात?" मला हुरूप आला. मग चढ लागला. मोटरचा आवाज बारीक होता तो घोगरा झाला. पाय जड झाले. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर काहीतरी लाल लुकलुकायला लागलं. बाजूने एक पायी जाणारे गृहस्थ आम्हाला ओलांडून पुढे गेले, आणि त्यांच्या हातात काठी होती.

"अरे, चक्की दुपारची बंद होते!" आई म्हणाली.

"थांब, लोडवर हाये!"

"मले वाटलं पुलावर हाये!"

माझा हात गिअरच्या बटणावर होता. प्रज्ञाचं वाक्य डोक्यात होतं: जोर लावता लावता नाही. पण मागून ट्रक हॉर्न देत होता, पोटऱ्या पेटल्या होत्या, आणि शेवटच्या किलोपर्यंत जुळवलेला दीडशेचा भार खाली ओढत होता. मी उभा राहून सगळा जोर पायडलवर टाकला आणि एकदम चार गिअर दाबले.

कडाड! साखळी तुटली.

पाय हवेत फिरले. सायकल एक क्षण विचारात पडली आणि मग मागे निघाली. मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि आम्ही अगदी सावकाश, जाहीर कार्यक्रमासारखे, उजव्या अंगावर आडवे झालो. आई दळणाच्या गोणीवर पडली, म्हणून तिला खरचटलंसुद्धा नाही. गोणी फुटली. गहू सगळ्या पुलाच्या उतारावर पसरला, आणि भिलाईत एवढ्या गाई आहेत हे मला त्या दिवशी कळलं! ट्रक थांबला, त्याच्यामागे बस थांबली, बसमागे पुलापलीकडचं अख्खं जामुल गाव थांबलं.

एक भाजीवाली टोपली खाली ठेवून धावत आली. "का होगे दाई?"

आई गव्हात बसूनच तिच्याच छत्तीसगढीत म्हणाली, "कुछु नहीं बाई. मोर बेटा टेस्टिंग करत हे."

वैशाली नगरच्या सायकलवाल्याने साखळी जोडून दिली. पण मागचं चाक फिरवून तो पुन्हा खाली वाकला. मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो हूक पडताना वाकला होता, त्यामुळे साखळी सगळ्यात मोठ्या चक्रावर चढतच नव्हती. म्हणजे नेमका तो हलका गिअर गेला, ज्याच्यावर तिसरं वळण चढायचं होतं!

"अंकल, ये पार्ट रायपुर में मिलेगा. यहाँ नहीं."

मी घरी आलो, कॅरिअर काढलं, सायकल पुसली आणि व्हरांड्यात होती तशी उभी केली. आईला म्हणालो, "प्रज्ञाले काही सांगू नको." आईने दोन्ही कानांना हात लावला. मी तिचा मुलगा आहे, एकावन्न वर्षांचा, आणि तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला.

शनिवारी प्रज्ञा "मैत्रिणीकडे जाते" म्हणून सायकल गाडीत टाकून गेली. संध्याकाळी परत आली. सायकल व्हरांड्यात लावली. मी दहा वेळा तोंड उघडलं. दहाही वेळा पाणी प्यायलो. बायको शेवटी म्हणाली, "तुमाले शुगर चेक करायची हाये का?"

रविवारी राजहऱ्याला टेकडीच्या पायथ्याशी तीसेक नातेवाईक, कपाळावर ऊन, आणि मेव्हण्याच्या हातात खीरवाटपाचा माईक. "आता आमची भाची मोटरच्या सायकलनं चढून राहिली हो! पाय टेकला तं मामा जिंकला!" प्रज्ञाने हेल्मेटचा पट्टा आवळला. मला तिसरं वळण दिसत होतं. आणि मला दिसत होतं की यंदाही ते मीच बिघडवलंय, फक्त या वेळी दोन दिवस आधीच.

मी माईक हिसकावला.

"प्रज्ञा, थांब! मी तुही सायकल पाडली. पुलावर. आजीसकट. लोड टेस्ट करत होतो. तुहा हलका गिअर लागत नाही. आन तीन वर्षांपयले मी सीट पकडली थेही चूकच होती, तू पडनार नव्हती!"

तो माईक टेकडीवरच्या भोंग्यालाही जोडलेला होता. वर विहारात वंदनेला बसलेल्या लोकांनीही ऐकलं. राजहऱ्याने ऐकलं. दोन किलोमीटरवर खाणीत कामावर असलेल्या लोकांनी नंतर माझ्या बायकोकडे चौकशी केली.

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "बाबा, माईक बंद करा."

मी बंद केला.

"आजीनं शुक्रवारीच सांगितलं. मी काल रायपूरहून हूक बदलून आणला. नवी साखळीही टाकली."

मी आईकडे पाहिलं. "तू तं कानाले हात लावला होता!"

"खाजत होता," आई म्हणाली.

"आन बाबा," प्रज्ञा म्हणाली, "सीटवाली बात मले माहीतच होती. पन तुमाले माहीत आहे, हे मले माहीत नव्हतं." आणि ती निघाली.

सीटच्या अगदी टोकावर बसली होती, छाती पुढे झुकवून. पाय शिलाई मशीनसारखे फिरत होते, आणि मोटरचा आवाज बारीक, एकसारखा, जराही घोगरा नाही. पहिलं वळण. दुसरं वळण. वेग असा, की मी शेजारून धावू शकत होतो, आणि म्हणून मूर्खासारखा धावत होतो. तिसऱ्या वळणावर चढ एकदम उभा झाला, पुढचं चाक जमिनीवरून टीचभर उचललं गेलं, सायकल डुलली. अगदी तशीच.

माझे हात पुढे झाले. खोटं कशाला बोलू, झाले. आणि मी ते मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. तिने खांदे आणखी खाली केले, चाक टेकलं, आणि ती वळणावरून वर गेली. हात मागे बांधून उभ्या चढावर धावता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं! मी तोंडावर पडलो. पडल्या पडल्या वरच्या टाळ्या ऐकल्या, तेव्हा कळलं: पोचली. पाय न टेकता पोचली. त्या अख्ख्या चढावर जमिनीला टेकला तो मी, तोही नखशिखांत.

मेव्हणा जीप घेऊन आला. दार उघडून म्हणाला, "बसा भाऊजी. पोट्टी जिंकली. मी हरलो. बसा."

"नाही बसत."

"गुडघा फुटला हाये तुमचा!"

"फुटू दे. चालत येतो. आन ऐकून ठेव, लोड टेस्ट करायचीच असते. गिअर चुकला माहा, टेस्ट नाही चुकली. पुढच्या वेळेसही करीन!"

जीप गेली. मी त्या वळणावर तीनदा बसलो, पण जीपमध्ये बसलो नाही. मान ताठ ठेवून, लंगडत, चाळीस मिनिटांनी विहाराच्या दारात पोचलो. लोक पांगले होते. आई मोठ्या पातेल्याशेजारी तृप्त बसली होती.

"कावून नाही आला जीपनं?"

"तत्त्वाचा प्रश्न होता, आई."

"असं का. प्रज्ञानं तुह्यासाठी वाटीभर खीर ठेवली होती. मले वाटलं, तत्त्व हाये तं भूक नसन. मीनंच खाल्ली."

मी तिच्या शेजारी फतकल मारली. पातेलं जवळ ओढलं आणि तळ खरवडायला घेतला. खालून थोडं करपलं होतं, पण तत्त्वाला वेलचीचा वास येत होता.