अर्धं शटर

गुरुदत्त राहायला पनवेलला, नोकरीला मुंबईत, मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात. महागाई किती वाढेल हे सांगणारी विभागाची चार गणितं होती आणि चौघांची तोंडं चार दिशांना. एकावरच भिस्त ठेवायची नाही. ज्याचे अंदाज आजवर जास्त चुकले त्याला कमी किंमत द्यायची, आणि सगळ्यांचा मेळ घालून एक आकडा वर पाठवायचा, हे त्याचं काम. साहेब त्यावरून व्याजाचं ठरवत. माणूस हुशार, नाही कोण म्हणतो? पण हे खूळ त्याने घरीही आणलं. उसळ किती तिखट करायची, यावरही तो चौघांना विचारून मधलं काढी.

पंचाण्णव साली व्याज चढलं, बांधकामं थंडावली. कळंबोलीला त्याच्या मेहुण्याचं, देवेशचं, लोखंडाचं गोदाम होतं. माल हलेना म्हणून देवेशने निम्मे हमाल घरी बसवले. त्यांचा मुकादम बळीराम दारात येऊन गरजला, "आमच्या पोटावर पाय देतोस? उद्या शटर उघडून दाव, जित्ता सोडनार नाय!"

देवेश सल्ल्याला पनवेलला आला. गुरुदत्तची बायको सुमती भावाला म्हणाली, "बंद ठेव. मारतील रे तुला." सोबत आलेला दलाल कुमार म्हणाला, "पूर्ण उघड. घाबरलास की संपलास." गुरुदत्तने मेळ घातला. सुमतीची भीती दर वेळी फुकट जायची, म्हणून तिला किंमत कमी; कुमारच्या बढायाही फुकट जायच्या, म्हणून त्यालाही तितकीच कमी.

"अर्धं उघड," तो म्हणाला.

अर्धं! अरे, बंद असतं तर देवेश घरी असता, पूर्ण उघडं असतं तर पळाला तरी असता. सकाळी बळीरामची माणसं वाकून आत शिरली. देवेश खालून सरपटत बाहेर निघाला, तेवढ्यात कुणीतरी शटर ओढलं आणि ते त्याच्या कमरेवर बसलं. आत राहिलेल्या पायांवर सळया पडत राहिल्या. तो ओरडत होता तोवर मारलं, ओरडायचा थांबला तरी मारलं. डाव्या पायाचं हाड मांस फाडून बाहेर आलं.

इस्पितळात एक डॉक्टर म्हणाले, पाय आत्ताच कापू, नाहीतर विष अंगभर भिनेल. दुसरे म्हणाले, थांबून पाहू.

"आणखी एकाचं मत घेऊ," गुरुदत्त चाचरत म्हणाला, "मग सगळ्यांचं मिळून..."

सुमतीने फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. चष्मा भिंतीवर आपटून फुटला.

ती पहिल्या डॉक्टरांकडे वळली. "कापा," ती म्हणाली. "भाऊ माझा आहे. मी सांगते."